मेल क्लस्टरमधले सर्व्हर 55 टक्क्यांवर चालत असतील तर फेलओव्हरसाठी एवढी मोकळी क्षमता पुरते का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मायक्रोसॉफ्टच्या एक्स्चेंज या मेल सॉफ्टवेअरचे चार सर्व्हर एकाच डॅगमध्ये (एकमेकांच्या डेटाबेसच्या प्रती सांभाळणारा सर्व्हरचा गट), 8,000 मेलबॉक्स, 24 डेटाबेस, प्रत्येक डेटाबेसच्या तीन प्रती (एक कामात असलेली, म्हणजे ॲक्टिव्ह, बाकीच्या राखीव, म्हणजे पॅसिव्ह), आणि ऐन गर्दीच्या वेळी प्रत्येक सर्व्हरचा सीपीयू 55 टक्के. जवळपास निम्मी ताकद मोकळी आहे, मग एखादा पडला तर त्याचं काम बाकीच्यांनी उचलायला, म्हणजे फेलओव्हरला, आणखी सर्व्हर कशाला, असं वरचे लोक म्हणतात. त्यांना काय उत्तर द्यायचं?

एक सर्व्हर पडला तर त्यांचं म्हणणं खरं आहे. दोन पडले तर नाही. आणि दोन बंद असण्याची वेळ वाटते तितकी क्वचित येत नाही, कारण त्यातला एक बहुतेक वेळा आपणच बंद केलेला असतो. क्युम्युलेटिव्ह अपडेट (सीयू) चढवायला एक सर्व्हर मेंटेनन्स मोडमध्ये टाकला आणि नेमकं तेव्हाच दुसऱ्याचं स्टोरेज गेलं, की क्लस्टरच्या लेखी दोन गेले. म्हणून ‘एक पडला तर’ एवढाच हिशोब करणारं नियोजन मी अर्धवट समजतो.

आकडे बघा. चौघांचा मिळून भार 220. तिघांत वाटला तर प्रत्येकी 73 टक्के, म्हणजे ठीक. दोघांत वाटला तर 110, म्हणजे रांगा वाढत जाणार, आउटलुक लटकणार आणि हेल्थ चेक नापास होऊन उरलेल्या दोघांतलाही एखादा हात टेकणार. पॅसिव्ह प्रती सांभाळायचं कामही त्या 55 मध्येच आहे आणि ते फेलओव्हरनंतर सरळ पटीत वाढत नाही, त्यामुळे आकडा थोडा इकडेतिकडे होईल. पण 110 चा 80 होणार नाही. वाईटात वाईट अवस्थेत सीपीयू 80 टक्क्यांच्या आत राहावा हे सर्वसाधारण धोरण धरलं आणि दोन सर्व्हर गमावण्याची तयारी ठेवायची म्हटलं, तर रोजच्या गर्दीत प्रत्येक सर्व्हर 40 च्या आसपासच हवा. जुन्या मंडळींना हा आकडा ओळखीचा वाटेल. एक्स्चेंज 2003 च्या दोन नोडच्या ॲक्टिव्ह-ॲक्टिव्ह क्लस्टरमध्येही प्रत्येक नोडवर एका वेळी 1,900 पेक्षा जास्त कनेक्शन नकोत आणि सीपीयू 40 टक्क्यांच्या वर नको, अशी अट होती. तेव्हाही निम्म्यांवर सगळा भार आला तर काय, हाच मुद्दा होता.

पण ही सगळी भागाकाराची गणितं भार सारखा वाटला जाईल असं धरून चालतात, आणि तो आपोआप तसा वाटला जात नाही. मला विचाराल तर तुमचा पहिला तपास इथे हवा. सर्व्हरना अ, ब, क, ड म्हणू. ‘अ’च्या सहाही डेटाबेसच्या दुसऱ्या पसंतीच्या प्रती (पहिली गेली की जी ॲक्टिव्ह व्हायची ती) ‘ब’वर असतील तर ‘अ’ पडताच ‘ब’वर 12 ॲक्टिव्ह डेटाबेस येतात, आणि क, ड सहा-सहा घेऊन निवांत बसतात. कागदावर 73 टक्के, प्रत्यक्षात ‘ब’ 110 वर. एकच सर्व्हर पडलेला असताना!

तुमच्याकडे 24 डेटाबेस आहेत हे नशीब. चार सर्व्हरमधून पहिली, दुसरी, तिसरी पसंती असे क्रम लावायचे तर नेमके 24 क्रम होतात: अबक, अबड, अकब, अकड, अडब, अडक आणि मग ब, क, ड पासून सुरू होणारे तसेच सहा-सहा. एकेका डेटाबेसला एकेक क्रम देऊन टाका. रोज प्रत्येकावर 6 ॲक्टिव्ह, एक पडला तर उरलेल्यांवर 8, कोणतेही दोन पडले तरी उरलेल्या दोघांवर बरोबर 12. प्रत्येक सर्व्हरवर एकूण प्रती 18. एक मेख मात्र लक्षात ठेवा: सर्व्हर अचानक पडला तर प्रत निवडताना आधी तिचं आरोग्य आणि कॉपी क्यू (त्या प्रतीपर्यंत अजून न पोचलेल्या बदलांच्या नोंदींची रांग) किती तुंबलाय ते बघितलं जातं, पसंतीक्रमाचा नंबर नंतर लागतो. त्यामुळे वाटणी दरवेळी इतकी नेटकी उतरेलच असं नाही.

इथेच मॅक्सिमम ॲक्टिव्ह डेटाबेसेस ही सेटिंग कामी येते: एका सर्व्हरवर एका वेळी जास्तीत जास्त किती डेटाबेस ॲक्टिव्ह होऊ द्यायचे याची मर्यादा. बऱ्याच ठिकाणी ती रिकामीच सोडलेली दिसते, म्हणजे मर्यादाच नाही. तुमच्या सध्याच्या हार्डवेअरवर 8 ठेवली तर दोन पडल्यावर 16 डेटाबेस चालू राहतील आणि 8 बंद, म्हणजे साधारण 2,667 लोकांचं मेल ठप्प. 12 ठेवली तर 24 ही माउंट होतील, म्हणजे चालू राहतील, पण मशीनला ते झेपणार नाहीत आणि सगळे 8,000 रखडतील. हा निर्णय तांत्रिक नाही. वरच्यांकडे जाऊन ‘आणखी सर्व्हर द्या’ म्हणण्यापेक्षा हेच दोन पर्याय लिहून त्यांच्यापुढे ठेवा आणि कोणता हवा ते त्यांनाच लेखी सांगू द्या. मोकळी दिसणारी क्षमता कशासाठी ठेवलेली असते ते मग फारसं समजवावं लागत नाही. माझं मत विचाराल तर पैसे मिळेपर्यंत 8. आणि महत्त्वाच्या लोकांचे मेलबॉक्स एकाच डेटाबेसमध्ये कोंबू नका.

ही मर्यादा नुसती फाटकावरची रखवालदार नाही. एक्स्चेंज 2013 आणि 2016 मध्ये डेटाबेसला किती मेमरी कॅश द्यायची हे ठरवतानाही तो आकडा धरला जातो, म्हणून तो बदलला की इन्फर्मेशन स्टोअर ही डेटाबेस चालवणारी सर्व्हिस रीस्टार्ट करावी लागते.

डिस्कच्या जागेकडे तर हमखास दुर्लक्ष होतं. एखादी प्रत बंद पडली की त्या डेटाबेसच्या उरलेल्या प्रतींवरचे लॉग (डेटाबेसमधल्या बदलांच्या नोंदींच्या फाइली) कापले जाणं थांबतं, कारण ते लॉग त्या प्रतीला अजून हवे असतात. सर्व्हर दुरुस्तीला गेला आणि चार दिवस आला नाही, तर चार दिवसांचे लॉग साचतात. लॉगची एकेक फाइल 1 एमबीची, पण त्या हजारोंनी तयार होतात. डिस्क भरली की डेटाबेस डिसमाउंट, म्हणजे बंद. म्हणजे पडला ‘अ’, आणि चार दिवसांनी मेल बंद झालं ‘क’वरचं! निदान तीन दिवसांच्या लॉगना पुरेल एवढी जागा ठेवा, आणि सर्व्हर लवकर परतणार नसेल तर त्याच्यावरच्या प्रती सरळ काढून टाका. नंतर पुन्हा सीड करता येतात, म्हणजे चालू डेटाबेसवरून नव्याने बनवता येतात.

तीन प्रतींतली एखादी लॅग्ड (मुद्दाम काही काळ मागे ठेवलेली) असेल तर ती फेलओव्हरच्या हिशोबात धरू नका. साठलेले लॉग रीप्ले होईपर्यंत, म्हणजे त्यातले बदल तिच्यात उतरेपर्यंत, ती कामाला येत नाही.

कोरमचं (क्लस्टर चालू राहायला लागणाऱ्या बहुमताचं) एका ओळीत: चार सर्व्हर आणि विटनेस (फक्त मतापुरता ठेवलेला वेगळा सर्व्हर) मिळून पाच मतं, टिकायला तीन लागतात, त्यामुळे एकदम दोन गेले तरी क्लस्टर उभा राहतो, फक्त विटनेस त्याच रॅकमध्ये किंवा त्याच व्हर्च्युअल होस्टवर नको. सर्व्हर व्हर्च्युअल असतील तर चारही वेगवेगळ्या होस्टवर राहतील असा नियम लावलाय ना, तेही बघा. दोन एका होस्टवर गेले तर ‘दोन पडले’ हा प्रसंग एका पॉवर सप्लायवर येऊन ठेपतो.

फेलओव्हरची चाचणी बहुतेक जण मध्यरात्री करतात. त्यातून डेटाबेस हलतात एवढंच कळतं, भार पेलतो का ते नाही. मेंटेनन्सची पुढची खेप आली की एक सर्व्हर कामाच्या दिवशी, लोक लॉगिन करतात त्या वेळेत बाजूला ठेवा आणि उरलेल्या तिघांचे आकडे टिपा. सीपीयू 73 च्या बराच वर गेला तर वाटणी तरी चुकली आहे किंवा 55 हा आकडा तरी गर्दीच्या वेळचा नव्हता, सरासरीचा होता. काम आटोपल्यावर डेटाबेस आपापल्या पहिल्या पसंतीवर परतले का तेही तपासा. एक्स्चेंज 2016 च्या सीयू 2 पासून डॅग हे स्वतःच करतो, त्याआधी स्क्रिप्ट चालवावी लागायची.

डिस्क वाचनाला लागणारा वेळ तुम्ही दिलेला नाही. नवीन हार्डवेअर घेणारच असाल तर मेलबॉक्स हलवायच्या आधी त्यावर जेटस्ट्रेस (डिस्कवर एक्स्चेंजसारखा भार टाकून बघणारं साधन) चालवा, आणि तेही 6 नाही तर 12 ॲक्टिव्ह डेटाबेसचा भार धरून. तिथे वाचनाची सरासरी 20 मिलिसेकंदांच्या वर गेली तर सीपीयूचा वरचा सगळा हिशोब बाजूला ठेवा, आधी डिस्क बदला.