बोगोटात आधी वार बघा

प्रश्न : शनिवारी रात्री कोलंबियाच्या राजधानीत, बोगोटात पोहोचतो. मंगळवारी रात्री पुढचं विमान. सुवर्ण संग्रहालय, बोतेरोची चित्रं आणि मॉन्सेराते डोंगर, क्रम कसा लावावा?

उत्तर : अंतराचा विचार नंतर करा, तिन्ही ठिकाणं जवळजवळच आहेत. घोळ होतो तो वारांचा. सुवर्ण संग्रहालय सोमवारी बंद, तर बोतेरो संग्रहालय आणि मॉन्सेरातेची पायवाट मंगळवारी.

रविवारी बोतेरो. प्रवेश रोजच मोफत. कोलंबियाचे चित्रकार-शिल्पकार फर्नांदो बोतेरो यांनी 2000 साली आपली 123 चित्रं-शिल्पं आणि संग्रहातली पिकासो, मोने वगैरेंची 85 कामं देऊन टाकली, ती इथे आहेत. गुबगुबीत मोनालिसाही इथलीच. सकाळी 7 ते दुपारी 2 मोठे रस्ते सायकलवाल्यांसाठी मोकळे असतात, तेव्हा टॅक्सीला वळसे पडतात, पायीच जा.

सोमवारी पहाटे मॉन्सेराते. शहरच सुमारे 2,600 मीटरवर आणि माथा 3,152 मीटरवर, म्हणून पहिल्या दिवशी चढायला जाऊ नका. डोकं धरतं, दम लागतो. दोराने ओढली जाणारी रेल्वे 1929 पासून आहे, रोपवे 1955 पासून. दुपारी ढग उतरले की खालचं शहर दिसेलच असं नाही. मात्र कोलंबियात बऱ्याच सुट्ट्या सरकवून सोमवारी घेतात. तुमचा सोमवार तसा निघाला, तर माथ्यावरच्या चर्चमध्ये देवदर्शनाची रविवारसारखीच गर्दी असेल. पहिली फेरी गाठा.

मंगळवारी सकाळी सुवर्ण संग्रहालय. रविवारी फुकट असतं, पण गर्दीत 'मुइस्कांचा तराफा' (मुइस्का म्हणजे इथले मूळ रहिवासी) नीट बघता येत नाही, आणि खरं बघायचं ते तेच. जेमतेम 20 सेंटीमीटर लांबीचा सोन्याचा तराफा, मधोमध सगळ्यांत मोठा राजा, भोवती बोटाच्या पेराएवढी माणसं. मेणाच्या नमुन्यावरून ओतलेला आहे. 1969 साली पास्का गावाजवळच्या गुहेत सापडला. सोनं अंगाला फासून तळ्यात उतरणाऱ्या राजाची, म्हणजे 'एल दोरादो'ची कथा याच तराफ्याशी जोडतात. काचेजवळ वाकून माणसांच्या हातांत काय आहे ते बघा.

प्रश्न : तिथले पत्ते नुसते आकडेच असतात. कसे वाचायचे?

उत्तर : सोपे आहेत. 'काये' म्हणजे पूर्व-पश्चिम रस्ता, 'कारेरा' म्हणजे उत्तर-दक्षिण. बोतेरो संग्रहालयाचा पत्ता 'काये 11, नंबर 4-41'. म्हणजे 11 क्रमांकाच्या कायेवर, कारेरा 4 च्या कोपऱ्यापासून साधारण 41 मीटर. दिशा चुकली तर डोंगर शोधा, ती पूर्व. आणि 'काये 11' च्या जागी 'कारेरा 11' लिहून टॅक्सीवाल्याला दाखवलंत, तर तो तुम्हाला भलतीकडेच नेऊन सोडेल.