हप्ता झेपत नाही, माफी होईल का?

प्रश्न : भाऊ, मी नागपूरच्या महाल भागात शिवणकाम करते, मिस्टर ऑटो चालवतात. दोघांचं मिळून वर्षाला अडीच लाखही होत नाही. मुलाच्या इंजिनिअरिंगसाठी ६ लाखांचं कर्ज काढलं, दर वर्षी दीड लाख उचलले. आता तो मिहानमध्ये २२ हजारांवर लागला, अन् बँकेनं ११ हजार ७१ रुपयांचा हप्ता बसवला. म्हणतात, कर्ज ८ लाख २० हजारांवर गेलं. सहाचे आठ कसे झाले? मोबाइलवर आलं होतं, की पगार पाहून हप्ता लागतो अन् वीस वर्षांनी उरलेलं माफ होतं. सीताबर्डीवर एक जण त्याचा फॉर्म भरून द्यायचे ५ हजार मागतो. द्यावे का? – एक आई, महाल

उत्तर : ताई, त्याला पाच रुपयेही देऊ नका. तुम्ही वाचलं ते खरं आहे, पण अमेरिकेतलं. तिथं केंद्र सरकार स्वतः कर्ज देतं, त्यातल्या काही योजनांत मिळकतीच्या प्रमाणात हप्ता लागतो आणि वीस-पंचवीस वर्षांनी उरलेलं सोडून देतात. सरकारी किंवा सेवाभावी संस्थेत नोकरी असेल तर २००७ च्या कायद्यानं १२० हप्त्यांनंतरच. पण सरसकट माफी द्यायला निघाले तेव्हा तिथल्या सुप्रीम कोर्टानंच २०२३ मध्ये अडवलं. आपल्याकडे शैक्षणिक कर्जाला असा कायदा नाही. विदर्भात कर्जमाफी म्हटली की माणूस लगेच कान टवकारतो, म्हणून अशा फॉर्मवाल्यांचं फावतं.

आता सहाचे आठ. शिकताना आणि पुढं एक वर्ष हप्ता नसतो, व्याज मात्र चालूच असतं. तुमच्या आकड्यांवरून दर साडेदहा टक्के दिसतो, त्यानं दीड लाखाचं वर्षाचं व्याज १५ हजार ७५०. पहिले दीड लाख उचलले त्यांवर पाच वर्षं, शेवटच्या दीड लाखावर दोन. सगळं मिळून २ लाख २० हजार ५००. बँकेचा हिशेब बरोबर आहे.

पण माझं लक्ष अडकलं ते तुमच्या अडीच लाखांवर. कुटुंबाचं उत्पन्न साडेचार लाखांच्या आत असेल, तारण दिलेलं नसेल आणि कॉलेज नॅक किंवा अभ्यासक्रम एनबीए (दर्जा तपासणाऱ्या संस्था) मान्यतेचा असेल, तर या बिनहप्त्याच्या काळातलं व्याज केंद्र सरकार भरतं. ही योजना २००९ पासून आहे. तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला तुमच्याकडून कुणी मागितला होता का? मी बँकेत होतो तेव्हा काउंटरवर हे आपणहून सांगणारे थोडेच होते, आणि त्या थोड्यांत मी दर वेळी होतो असंही नाही. बँकेनं या व्याजाच्या अनुदानाचा दावा लावला होता का, हे लेखी विचारा. मागच्या वर्षांचं आता मिळेलच असा शब्द देत नाही. पण ते मिळालं, तर ६ लाखांवर दहा वर्षांचा हप्ता ८ हजार ९६ होतो.

नाही मिळालं, तर मुदत पंधरा वर्षांची मागा. ९ हजार ७० वर येईल, पण शेवटी तीन लाख जास्त जातील. त्यापेक्षा सुरुवातीला लहान आणि पगाराबरोबर वाढत जाणारा हप्ता आधी मागून पाहा. शैक्षणिक कर्जासाठी बँकांच्या संघटनेनं आखलेल्या आदर्श योजनेत तशी सोय आहे. नोकरी सुटली तर हप्ते थांबवण्याचीसुद्धा. व्याजावरची प्राप्तिकराची सवलत विसरा, २२ हजारांवर त्याला करच लागत नाही.

हे सगळं पहिला हप्ता चुकायच्या आत करा. नव्वद दिवस थकले की खातं एनपीए, म्हणजे बुडीताच्या यादीत जातं, आणि सहकर्जदार म्हणून तुमच्या मिस्टरांचं नावही सिबिलमध्ये, म्हणजे कर्जफेडीच्या नोंदीत, खराब होतं. उद्या नवीन ऑटोला कर्ज लागलं तर? अर्जाच्या दोन प्रती न्या आणि दुसऱ्या प्रतीवर तारखेचा शिक्का पाडून घ्या. "ठेवून जा, पाहतो," म्हणाले तरी शिक्क्याशिवाय उठू नका. पोराला रजा काढून सोबत न्या.