भटक्या-विमुक्तांनी कागदपत्रे नीट जपून ठेवली, तर जातीच्या दाखल्याचा प्रश्न सुटणार नाही का?

जो कागद कधी तयारच झाला नाही, तो जपून कसा ठेवायचा? विमुक्त जाती आणि भटक्या जमातींच्या अर्जदाराला आपले कुटुंब 21 नोव्हेंबर 1961 पूर्वीपासून महाराष्ट्रात राहत असल्याचे दाखवावे लागते. शेतकऱ्याच्या घरी त्यासाठी जुना फेरफार, आजोबांचा शाळेचा दाखला असे काहीतरी निघते. ज्यांचे बिऱ्हाडच पाठीवर होते, त्यांच्याकडे ते कुठून निघणार?

कोल्हापूरजवळच्या एका शाळेत शिकवत असताना कैकाडी समाजातील एका विद्यार्थिनीच्या वडिलांबरोबर मी स्वतः सरकारी कचेरीत गेलो होतो. त्यांच्या पिशवीत शिधापत्रिका, आधार कार्ड, मतदार ओळखपत्र सगळे होते; त्यांच्या स्वतःच्या शाळा सोडल्याच्या दाखल्यावर मात्र जातीच्या रकान्यात गुरुजींनी नुसते 'हिंदू' लिहून ठेवले होते. "एकसष्टपूर्वीचा पुरावा आणा," असे म्हणून लिपिकाने गठ्ठा परत सरकवला आणि अर्ज दाखलच करून घेतला नाही. या गृहस्थांचे वडील टोपल्या आणि कणग्या विणत गावोगाव फिरत. ते शाळेची पायरी चढले नव्हते, आणि मुले ज्या गावच्या शिवारात जन्मली, तिथल्या कोतवाल बुकात, म्हणजे गावच्या जन्म-मृत्यूच्या नोंदवहीत, त्यांची नोंद कोणी केली नव्हती. बऱ्याच शोधानंतर पन्हाळा तालुक्यातील एका जुन्या शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये, वाळवीने कडा खाल्लेल्या पानावर, त्यांच्या सख्ख्या चुलत्यांचे नाव जातीसह सापडले आणि त्या उताऱ्यावर दाखला मिळाला; पण तोवर मुलीच्या पदविका प्रवेशाची मुदत टळून गेली होती.

"या लोकांना कागदाची किंमतच नाही," असे आमचे एक सहकारी नेहमी म्हणत. त्यांना तेव्हा जे सांगितले, तेच आपल्यालाही सांगतो. 1871 पासूनच्या गुन्हेगार जमाती कायद्यांखाली सरकारनेच अनेक जमातींची नोंद ठेवली, पोलिसांकडे त्यांच्या हजेऱ्या घेतल्या, आणि हे कायदे देशभरातून रद्द व्हायला 1952 साल उजाडले. संशय घ्यायचा होता तेव्हा सरकारला ही माणसे नावानिशी सापडत होती. आपल्या करवीर संस्थानात शाहू महाराजांनी 1918 मध्येच हजेरीची पद्धत बंद केली. त्याच कोल्हापुरात या माणसांना रिकाम्या हाताने परत पाठवले जाते, याचा मला मनस्वी संताप येतो. जात सिद्ध करण्याची जबाबदारी कायद्याने अर्जदारावर टाकली आहे. ज्यांना जमीन आणि छप्परच नव्हते, त्यांच्याबाबतीत ती सरकारने उचलली पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे.

बनावट दाखले खऱ्या हक्कदारांच्याच तोंडचा घास काढतात, त्यामुळे पडताळणी हवीच, आणि मनापासून मदत करणारे अधिकारीही मी पाहिले आहेत. तरीही तोंडी नकार ऐकून कोणी परत फिरू नये. अर्ज दाखल करून पोच घ्यावी. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, 2015 नुसार नकाराची कारणे लेखी द्यावी लागतात आणि त्यावर 30 दिवसांत पहिले अपील करता येते. वडिलांकडील रक्ताच्या नातेवाइकाचे जात वैधता प्रमाणपत्र (जातीचा दाखला पडताळून समितीने दिलेले) असल्यास जोडावे. नसल्यास जुन्या शाळांची रजिस्टरे पाहावीत आणि स्थानिक चौकशीची मागणी लेखी करावी.

मूल पहिलीत दाखल होते तेव्हा जातीचा रकाना विचारून पूर्ण भरणे, हे काम मात्र शिक्षकाचे आहे. आमच्या त्या सहकाऱ्यांनी ते किती काळजीने केले, हे त्यांच्या शाळेच्या रजिस्टरमध्ये आजही पाहता येईल.