कॅलिफोर्नियात टर्बो गाडी घ्यायची, की घेऊन ट्यूनही करायची?

सनीव्हेलहून एका वाचकाचं पत्र आलं आहे. वय २९, सॉफ्टवेअरमध्ये नोकरी, एच-वन-बी व्हिसा, लग्न अजून व्हायचंय. पगार वर्षाला १ लाख ६५ हजार डॉलर. कर आणि ४०१(के)ची निवृत्तीची बचत कापून महिन्याला साडेआठ हजार हातात येतात. भाडं, किराणा, पुण्यातल्या फ्लॅटचा हप्ता आणि आईवडिलांना पाठवायचे पैसे मिळून साडेपाच हजार जातात. बँकेत ६२ हजार आहेत. मनात दोन गाड्या आहेत. एक, नवी सुबारू डब्ल्यूआरएक्स, डीलरचा भाव ३८ हजार, आणि वर आठ हजारांचं मॉडिफिकेशन: डाउनपाइप (टर्बोनंतरची धुराची नळी), इंटेक (इंजिनात हवा घेणारी नळी), ट्यून (ताकद वाढवायला इंजिनाच्या कॉम्प्युटरचं सॉफ्टवेअर बदलणं) आणि एक्झॉस्ट. दुसरी, टेक्सासमधल्या एका मालकाकडची २०१८ ची डब्ल्यूआरएक्स एसटीआय (तिचीच जास्त ताकदीची आवृत्ती), २७ हजारांना, डाउनपाइप आणि ट्यून आधीच केलेली. पत्राच्या शेवटी ते विचारतात, ‘पहिली आठ वर्षं स्मॉग चेक (प्रदूषणाची सरकारी तपासणी) लागतच नाही, तोवर मजा करून घेतो. हिशेब बरोबर आहे ना?’

आधी तुमचं अभिनंदन, कारण मंडळाच्या गणेशोत्सवाच्या पार्किंगमध्ये एकसारख्या पांढऱ्या टेस्लांची रांग पाहून मला कंटाळा आलाय. गाडी घेण्याला माझा विरोध नाही. तुमच्या पगारात नवी डब्ल्यूआरएक्स बसते. माझी हरकत आहे ती मॉडिफिकेशनच्या आठ हजारांना आणि त्या टेक्सासच्या गाडीला. दोन्हींची मुळं तुमच्या त्या आठ वर्षांच्या वाक्यात आहेत.

ते वाक्य अर्धंच खरं आहे. आठ मॉडेल वर्षांपर्यंतच्या पेट्रोल गाडीला दर दोन वर्षांनी होणारा स्मॉग चेक माफ असतो, त्याऐवजी नोंदणीबरोबर छोटं शुल्क भरावं लागतं. पण ही सूट आहे फक्त तपासणीतून. प्रदूषण नियंत्रणाच्या यंत्रणेत फेरफार केलेली गाडी रस्त्यावर चालवायला व्हेईकल कोडच्या कलम २७१५६ ची बंदी पहिल्या दिवसापासूनच आहे. आणि गाडी विकायची झाली की आठाचा आकडा कामाचा नाही. मालकी बदलताना फक्त चार मॉडेल वर्षांपर्यंतच्या गाड्यांना सूट आहे. गाडी त्याहून जुनी असेल तर स्मॉगचं प्रमाणपत्र विकणाऱ्याने, म्हणजे तुम्ही द्यायचं, आणि ते ९० दिवसांपेक्षा जुनं चालत नाही.

‘विकायच्या आधी ट्यून काढून टाकीन, मूळ सॉफ्टवेअर घालीन’ असं तुम्ही म्हणाल. सगळेच म्हणतात. पण १९ जुलै २०२१ पासून स्मॉग चेकमध्ये गाडीच्या कॉम्प्युटरमधलं सॉफ्टवेअरही पाहिलं जातं. ते कंपनीचं मूळ किंवा कार्बने, म्हणजे राज्याच्या एअर रिसोर्सेस बोर्डाने, मान्य केलेलं नसेल तर गाडी नापास, मग धुरातून काहीही निघो. मूळ सॉफ्टवेअर परत घातलं की कॉम्प्युटरच्या स्वतःच्या चाचण्या शून्यापासून सुरू होतात. त्या पूर्ण होईपर्यंत गाडी रोजच्यासारखी चालवत राहावं लागतं, आदल्या रात्री गॅरेजमध्ये उरकण्यासारखं ते काम नाही. शिवाय काढून ठेवलेला मूळ डाउनपाइप तोवर जपून ठेवलेला असावा लागतो. तुम्ही अपार्टमेंटमध्ये राहता. कॅटलिटिक कन्व्हर्टरसकटची ती नळी कुठे ठेवणार आहात?

वॉशिंग्टनहून, म्हणजे केंद्र सरकारकडून, नियम सैल होतायत, असंही तुम्ही जाता जाता लिहिलंय. जून २०२५ मध्ये जे रद्द झालं ते प्रामुख्याने नव्या गाड्यांच्या विक्रीबद्दलचं होतं, २०३५ पर्यंत पेट्रोल गाड्या बंद करण्याचं. स्मॉग चेक राज्याचा आहे आणि जिथल्या तिथे आहे. या राज्याचं हे प्रकरण फार जुनं आहे. १९६७ साली रेगन गव्हर्नर असताना हे एअर रिसोर्सेस बोर्ड स्थापन झालं, आणि लॉस एंजेलिसचा धुरकट थर मुख्यतः गाड्यांच्या धुरावर ऊन पडून तयार होतो हे दाखवणारे शास्त्रज्ञ हागन-स्मिट हेच त्याचे पहिले अध्यक्ष झाले. दर निवडणुकीला बदलेल अशी ही गोष्ट नाही.

आता व्हिसाकडे येते, कारण माझ्या दृष्टीने तुमच्या पत्रातला सगळ्यात महत्त्वाचा शब्द टर्बो नसून एच-वन-बी आहे. नोकरी गेली तर साधारण ६० दिवसांत नवी नोकरी, नवा दर्जा किंवा परतीचं तिकीट यातलं काहीतरी करावं लागतं. अशा माणसाची प्रत्येक मोठी वस्तू ६० दिवसांत विकता आली पाहिजे. गाडी भारतात नेता येणार नाही, डाव्या हाताच्या स्टिअरिंगची गाडी तिथे चालत नाही. म्हणजे ती इथेच, घाईत विकायची. मूळ अवस्थेतली डब्ल्यूआरएक्स दोन-तीन ठिकाणी दाखवून आठवड्यात जाते. ट्यून केलेली गाडी घेणारे असतात, पण ते घासाघीस करणारे तरुण असतात आणि त्यांच्याकडे वेळच वेळ असतो. जुन्या गाड्या घेणारा डीलर अशी गाडी एकतर नको म्हणतो किंवा परत मूळ करण्याचा खर्च आधीच वजा करून भाव सांगतो. पहिल्या चार वर्षांत नुकसान भावातलं असतं, त्यानंतर प्रमाणपत्राशिवाय व्यवहारच अडतो.

आकडे मांडू. ३८ हजारांवर तुमच्या भागातला साडेनऊ टक्क्यांच्या आसपासचा विक्रीकर आणि नोंदणी धरून गाडी ४२ हजारांना पडेल. १२ हजार तुम्ही भरलेत, ३० हजारांचं कर्ज ६० महिन्यांसाठी ७ टक्क्यांनी घेतलंत तर हप्ता ५९४ डॉलर आणि एकूण व्याज साडेपाच हजारांच्या वर. विमा आणि पेट्रोल धरून तुमचा महिन्याचा खर्च साडेसहा हजारांवर जाईल. व्हिसावरच्या माणसाने सहा महिन्यांचा खर्च हात न लावता ठेवावा असं मी नेहमी सांगते. तुमच्यासाठी ती रक्कम झाली ३९ हजार. ६२ मधून ३९ आणि १२ वजा केले की ११ उरतात. त्यातले आठ मॉडिफिकेशनला गेले तर तीन हजार राहतात, आणि आईच्या तब्येतीसाठी एकदा तातडीने पुण्याला जाऊन आलात की तेही संपतील.

वर्षभराने नोकरी गेली असं धरा. कर्जाचे २४,८०० डॉलर बाकी असतील. मूळ गाडी ३० हजारांना गेली तर तुमच्या हातात पाच हजार येतील. ट्यून केलेली २७ ला गेली तर दोन. शिवाय त्या आठ हजारांच्या सामानातले सुटे विकून तीनही आले तर नशीब. भाव मी अंदाजाने धरलेत, पण उतार कुठल्या बाजूला आहे ते दिसतंय.

वॉरंटीचं वेगळंच. इंजिन-गिअरबॉक्सची वॉरंटी ५ वर्षं किंवा ६० हजार मैल आहे. बाहेरचा एखादा भाग लावला म्हणून कंपनी सरसकट वॉरंटी नाकारू शकत नाही, १९७५ चा मॅग्नुसन-मॉस कायदा तुमच्या बाजूने आहे. पण बिघाडाचं कारण तो भागच आहे असं दाखवता आलं तर नाकारू शकते. बूस्ट, म्हणजे टर्बोचा दाब, वाढवलेल्या इंजिनाचा पिस्टन फुटला तर ते दाखवायला फार डोकं लागत नाही.

टेक्सासची एसटीआय स्वस्त वाटते, पण ती मला अजिबात नको. २७ हजारांवर कॅलिफोर्निया नोंदणीच्या वेळी आपला कर घेणार, अडीच हजारांच्या वर. ट्रकने आणायचे दीड हजार. बाहेरच्या राज्यातून आलेल्या गाडीला इथल्या पहिल्याच नोंदणीला स्मॉग लागतो, तिथे तुमची आठ वर्षंही नाहीत आणि चारही नाहीत. डाउनपाइप डोळ्यांनी तपासताना दिसणार आणि ट्यून यंत्रावर. मूळ अवस्थेत आणायला मी तीन हजार धरते. झाले ३४ हजार, सात-आठ वर्षं जुन्या आणि वॉरंटी संपलेल्या गाडीचे. त्यातही हे २.५ लिटरचं जुन्या घराण्यातलं इंजिन, पिस्टनवर रिंगा बसतात त्या खाचांच्या कडा तुटण्याबद्दल प्रसिद्ध. टेक्सासमध्ये पंपावर ९३ ऑक्टेनचं प्रीमियम मिळतं, आपल्याकडे ९१. तिथल्या पेट्रोलवर बसवलेला ट्यून इथे ९१ वर चालवला की इंजिन नॉक करतं, म्हणजे आत पेट्रोल अवेळी पेटून ठोके बसतात, आणि त्या कडांना नेमकं तेच झेपत नाही. त्या मालकाने गाडी का काढलीय कोण जाणे, पण इंजिनाची कॉम्प्रेशन आणि लीक-डाउन तपासणी (सिलिंडर दाब धरतात का ते बघणारी) करून न देता तो घाईत असेल तर मला पुरेसं कळलं.

तुम्हाला ताकदच हवी असेल तर एक तुलना करा. ३८ अधिक ८ म्हणजे ४६ हजार. होंडा सिव्हिक टाइप आरची किंमतही ४५ हजारांच्या पुढे सुरू होते; ३१५ हॉर्सपॉवर, संपूर्ण वॉरंटी, आणि राज्याची मान्यता कारखान्यातूनच मिळालेली. डब्ल्यूआरएक्सचं २.४ लिटर इंजिन २७१ देतं. त्याला ओढूनताणून ३१५ वर नेण्यात जो पैसा जातो त्यात दुसऱ्या कुणीतरी ते काम कायदेशीररीत्या करून ठेवलंय. तरी मी तुम्हाला टाइप आर घ्या म्हणणार नाही. आठ हजार जास्त म्हणजे आठ हजार जास्त, आणि काही डीलर त्यावर आपला वरकड भाव लावतात. २७१ सुद्धा स्कायलाइन रस्त्याच्या वळणांवर तुम्हाला पुरून उरतील.

तुमच्या यादीतल्या चार गोष्टींचं थोडक्यात सांगते. डाउनपाइप नाही. इंटेक आणि ट्यून फक्त कार्बचा ईओ नंबर, म्हणजे मान्यतेचा क्रमांक, असलेले, तोही नेमका तुमच्या मॉडेल आणि वर्षाला लागू असलेला. विकणाऱ्याच्या शब्दावर न जाता नंबर बोर्डाच्या यादीत बघायचा आणि स्टिकर इंजिनापाशी चिकटवायचा. आणि असा मान्य ट्यूनसुद्धा वॉरंटी संपेपर्यंत नकोच. कॅटलिटिक कन्व्हर्टरच्या मागचा एक्झॉस्ट बदलायला ईओ लागत नाही, मात्र आवाज ९५ डेसिबलच्या आत हवा. हा मी आवडीचा खर्च मानते, गुंतवणूक म्हणू नका.

आणि खर्च करायचाच असेल तर आठऐवजी तीन हजारांचा करा, तो धुराच्या वाटेला न जाणाऱ्या गोष्टींवर: चांगले टायर, ब्रेक पॅड, ब्रेक फ्लुइड आणि ट्रॅक-डे, म्हणजे आपली गाडी रेसट्रॅकवर चालवायचा दिवस. (ब्रेक पॅडमधल्या तांब्यावरही इथे कायदा आहे, पाकिटावरचं चिन्ह बघून घ्या.) विलोजचा थंडरहिल ट्रॅक तुमच्यापासून सकाळी निघून पोचण्यासारखा आहे. लगुना सेकाच्या ट्रॅकला आवाजाची मर्यादा इतकी कडक असते की मोठ्या एक्झॉस्टवाल्यांना घरी पाठवतात, मूळ गाडीवाले मात्र दिवसभर फिरतात. नेहमीचा विमा ट्रॅकवरचं नुकसान सहसा भरत नाही, त्या दिवसापुरता वेगळा विमा मिळतो, तो काढा.

विम्याचंच अजून एक. १ जानेवारी २०२५ पासून राज्याची किमान मर्यादा १५/३०/५ वरून ३०/६०/१५ हजार झालीय (एका माणसाच्या इजेला, एका अपघातातल्या सगळ्यांच्या इजेला आणि दुसऱ्याच्या मालमत्तेच्या नुकसानाला), तरी टर्बो गाडी चालवणाऱ्याला तीही फार कमी आहे. बे एरियात समोरच्या एका गाडीला धक्का लागला तरी १५ हजार पुरत नाहीत. मर्यादा १००/३००/१०० धरून तीन कंपन्यांकडून भाव काढा, आणि ते डीलरकडे सही करण्याआधी, व्हिन नंबर, म्हणजे गाडीचा ओळख क्रमांक, देऊन. तो महिन्याला २५० च्या पुढे गेला तर वरचा साडेसहा हजारांचा हिशेब मोडतो. मग गाडी फोक्सवॅगनची गोल्फ जीटीआय असेल तर काय पडतं तेही विचारा आणि दोन्ही आकडे मला पाठवा.