रियान, परवाच्या प्रश्नाचं उत्तर

प्रिय रियान,

परवा चर्चमधल्या मिस्साहून येताना तू विचारलंस, "देवाला इंग्रजी येतं ना? मग घरी मराठीतच प्रार्थना का?" मला लागलं ते. म्हणून गप्प बसले. आता लिहिते.

आपल्या क्लीव्हलंडचंच बघ. बकाय रोडवर सेंट एलिझाबेथ चर्च आहे ना, तिथे १८९२ मध्ये फादर बोम आले आणि अमेरिकेतल्या हंगेरियन रोमन कॅथलिकांचा पहिला धर्मग्राम, म्हणजे पॅरिश, सुरू झाला. तेव्हा रोमन कॅथलिकांची मिस्सा जवळजवळ सगळीकडे लॅटिनमध्येच व्हायची. वसईला पपांच्या लहानपणीसुद्धा तसंच. 'नमो मरिये' ही मरियामातेची प्रार्थना तेवढी घरी मराठीत. मग हंगेरियन फादर कशाला हवे होते? प्रवचनासाठी, गाण्यांसाठी आणि सगळ्यात जास्त पापनिवेदनासाठी. कारखान्यात मोडक्या इंग्रजीवर दिवस निघतो रे, पण मनातलं पाप तसं सांगता येत नाही.

आणि चर्चच्या नोंदवह्या! हंगेरियन माणूस आडनाव आधी सांगतो, साबो यानोश. परक्या कारकुनाने 'साबो' हेच नाव धरलं की पुढचे सगळे कागद चुकले. लग्न ठरलं की गावाकडून बाप्तिस्म्याचा नवा दाखला मागवायचा, जुना चालत नाही. कारण १९०८ पासून लग्नाची नोंद बाप्तिस्म्याच्या नोंदीशेजारी, समासात करतात. इथे लग्न लावून फादरनी तिकडे कळवलं नाही, तर गावच्या वहीत तो माणूस अविवाहितच राहतो. पत्रावर जिल्हाही हवा, एका नावाची गावं बरीच. त्यात १९२० च्या तहानंतर हंगेरीच्या सीमा हलल्या, कॉशॉचं कोशित्से झालं. हे सारं ओळखणारा माणूस म्हणजे त्यांचे फादर.

ईस्टरला टोपल्या आशीर्वादाला आणतात: हॅम, उकडलेली अंडी, हॉर्सरॅडिश, वेणी घातलेला गोड पाव, वर भरतकामाचा रुमाल. मला आमच्या ओटीवरची, आजीच्या हातची कापडं आठवतात.

पुढे त्यांची नातवंडं उपनगरांत गेली, पापनिवेदन इंग्रजीत करू लागली. त्यांची श्रद्धा कमी झाली असं मला म्हणवत नाही. म्हणून तुलाही जबरदस्ती नाही, जेवताना हव्या त्या भाषेत म्हण.

फक्त शनिवारी आजीचा व्हिडिओ कॉल आला की माझ्याजवळ बस. रोजरीत 'नमो मरिये'चा पहिला अर्धा भाग ती म्हणते, उरलेला समोरच्याने म्हणायचा असतो. तोवर ती थांबून राहते.

तुझी,
मम्मी