"मॉर्फिन दिलं तर बाबांना सवय लागेल का हो मॅडम?"

कॅन्सरच्या पेशंटच्या घरच्यांसोबत काम करते, त्यामुळे हा प्रश्न मला सारखा येतो, कधी फोनवर, कधी ओपीडीबाहेरच्या बाकावर, आणि विचारणाऱ्याचा आवाज हमखास खाली गेलेला असतो. त्यातली एक केस सांगते, ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.

सत्तरीचे काका, प्रोस्टेटचा कॅन्सर मणक्यात गेलेला. डॉक्टरांनी दुखणं शमवायला मॉर्फिनची १० मिलिग्रॅमची गोळी दर चार तासांनी आणि रात्री झोपताना दोन, अशी लिहून दिलेली, म्हणजे दिवसाच्या सहा. पंधरा दिवसांनी मुलगी एकटीच आली. म्हणाली, मॅडम बाबा सारखे घड्याळाकडे बघत बसतात, गोळीची वेळ झाली का विचारतात, आमचा दादा दारूपायी बारा वर्षं वाया गेलाय, आता घरात दुसरं व्यसन नको हो. वर न्यू जर्सीतल्या चुलतभावाने फोनवर सांगितलेलं की इकडे याच औषधांनी माणसं मरतायत, अजिबात देऊ नका.

मी विचारलं, ताई, गोळी देता कशी? तिने पर्समधून वर्तमानपत्राच्या कागदाची पुडी काढली. प्रत्येक गोळी सुरीने अर्धी केलेली, कागदाच्या घडीत पांढरी भुकटी साचलेली. आणि असली अर्धी गोळी दिवसातून तीनदा. म्हणजे काकांना लिहून दिलेल्या औषधाचा जेमतेम चौथा हिस्सा मिळत होता! या गोळीचा असर चारेक तासच टिकतो, त्यात ती अर्धी, मग पुढची मिळेपर्यंत माणूस घड्याळाकडे नाही बघणार तर कुठे बघणार? घरच्यांना ती तलफ वाटत होती, ते दुखणं होतं.

पूर्वी मी अशा वेळी पटकन सांगून मोकळी व्हायचे की कॅन्सरमध्ये सवय लागत नाही, बिनधास्त द्या. आता तसं नाही सांगत. कारण अमेरिकेत मॉर्फिनच्या जातीच्या वेदनाशामक गोळ्यांचं व्यसन लागून जी माणसं मेली, त्यामागे असंच छातीठोक बोलणं पण होतं. १९८० मध्ये तिथल्या एका मोठ्या वैद्यकीय जर्नलमध्ये पाच वाक्यांचं एक पत्र छापून आलं, हॉस्पिटलमध्ये भरती असताना ही औषधं दिलेल्या ११,८८२ पेशंटमध्ये व्यसन लागल्याच्या फक्त चार केसेस सापडल्या म्हणून. भरती असताना, हा त्यातला महत्त्वाचा शब्द. पण पुढे त्याच पत्राचा दाखला देऊन कंबरदुखी-गुडघेदुखीवर घरी महिनोन्‌महिने गोळ्या देणं सुरक्षित आहे असं पसरवलं गेलं. २०१७ मध्ये टोरंटोच्या संशोधकांनी मोजलं तर ६०८ लेखांत त्या पत्राचा उल्लेख होता आणि बहुतेकांनी पेशंट भरती होते हे लिहिलंच नव्हतं. म्हणून चुलतभावाची भीती मी खोटी ठरवली नाही. ती तिथल्या मरणांतून आलेली भीती आहे, फक्त काकांच्या मणक्याला ती जशीच्या तशी लागू होत नाही.

मग तिला दोन गोष्टी वेगळ्या करून सांगितल्या. शरीराला औषधाची सवय होते, अचानक बंद केलं तर घाम, जुलाब, अंग मोडून येणं होतं, म्हणून बंद करताना डॉक्टर डोस हळूहळू उतरवतात. हे व्यसन नव्हे. व्यसनात माणूस नुकसान दिसत असूनही थांबू शकत नाही, घर, काम, माणसं सगळं सुटत जातं. म्हटलं, ताई, पूर्ण डोस आठवडाभर देऊन बघा, बाबा घराकडे वळतायत की घरापासून लांब जातायत ते तुम्हालाच दिसेल. बद्धकोष्ठाचं औषध मात्र सोबत द्यायचंच, ते चुकलं की लोक मॉर्फिनलाच दोष देतात.

मॉर्फिन अफूपासूनच बनतं, आपल्याकडे शेजारच्या मध्य प्रदेशात मंदसौर-नीमचला ती सरकारी परवान्याने पिकते आणि इथे पेशंट कण्हत पडतो, याचा मला फार त्रास होतो. अमली पदार्थांवरच्या १९८५ च्या एनडीपीएस कायद्याच्या धास्तीने कित्येक ठिकाणी मॉर्फिन ठेवणंच बंद झालं होतं, २०१४ च्या दुरुस्तीने नियम सोपे केले, पण मनातली धास्ती कुठे गेलीये?

आठवड्याने ताईचा फोन आला. बाबा रात्रभर झोपले, सकाळी पाटावर बसून स्वतःच्या हाताने देवपूजा केली. पुढे मणक्याला रेडिएशन झालं, दुखणं उतरलं, तसा डॉक्टरांनी डोस पायरीपायरीने सहावरून दोनवर आणला, आणि काकांनी एकदाही जास्तीची मागितली नाही.

घरात दादा आहे म्हणून गोळ्या कुलपात ठेवा, रोज मोजा, उरलेल्या परत करा, हे सांगायला मी पुढच्या भेटीला सगळ्यांना एकत्र बोलावलं होतं. कसं बोलावं याचा विचार करत होते, तेवढ्यात दादाच म्हणाला, "मॅडम, डबीची किल्ली ताईकडे ठेवा. आणि गोळ्या मोजाल ना, तर माझ्यासमोर मोजा."