गाडी टोटल लॉस झाल्यावर जुनी गाडी घेताना

प्रिय मित्रा,

सप्रेम आशीर्वाद.

अपघातात गाडी टोटल लॉस (दुरुस्त करणं परवडणार नाही अशी) ठरली, पण जिवावरचं पत्र्यावर निभावलं, हे वाचून हायसं वाटलं. आता कामाचा खोळंबा होतोय म्हणून या आठवड्यातच एखादी सेकंड हँड गाडी घेऊन टाकतो म्हणतोस. तेवढं करू नकोस. विकणाऱ्याला तुझी नड कळली की भावही तोच ठरवतो आणि तपासणी कितपत करू द्यायची तेही तोच. महिनाभर भाड्याच्या गाडीने किंवा बसने काढलास तर जो खर्च येईल, तो एका बिघडलेल्या गिअरबॉक्सपुढे किरकोळ आहे. शिवाय मान अजून आखडते आहे ना? खांद्यावरून नीट मागे वळून पाहता येईपर्यंत टेस्ट ड्राइव्ह नको. गुंगी आणणारी वेदनाशामक गोळी घेऊन तर स्टिअरिंगला हातच लावू नकोस.

आधी पैशांचं. विमा कंपनीने सांगितलेला आकडा अंतिम असतोच असं नाही. पॉलिसीत गाडीची किंमत कशी धरली आहे ते वाच. काही पॉलिसींत ती सुरुवातीलाच ठरलेली असते, तिथे फारसं बोलायला जागा नाही. काहींत अपघाताच्या वेळचा बाजारभाव धरतात. तसं असेल तर तेच मॉडेल, तेच वर्ष, तेच व्हेरिएंट आणि जवळपास तेवढंच रनिंग असलेल्या पाच-सहा गाड्यांच्या जाहिराती जमव, अलीकडे टाकलेल्या टायर-बॅटरीची बिलं जोड आणि लेखी फेरविचार माग. मोडलेल्या गाडीवर कर्ज बाकी असेल तर विम्याचे पैसे आधी तिकडे वळते होतात. उरेल ते तुझं बजेट.

तेही सगळं गाडीत घालू नकोस. शंभरातले ऐंशी गाडीला, वीस बाजूला. गाडी नावावर करणं, नवा विमा आणि पहिल्या महिन्यातली कामं त्या विसातून होतील. विकायचं एकदा मनात आलं की मालक टायर, बॅटरी, ब्रेक पॅड यांवर खर्च करत नाही, तो पुढच्यावर ढकलतो. हे गृहीतच धर.

कोणती गाडी घेऊ, हे तू पहिलं विचारलंस. माझ्या लेखी तो दुसरा प्रश्न आहे. कमी पैशात मॉडेलच्या नावापेक्षा समोरची गाडी कशी वापरली गेली हे मोठं. तरी सांगतो: रस्त्यावर भरपूर दिसणारं मॉडेल, टर्बो नसलेलं साधं पेट्रोल इंजिन, मॅन्युअल गिअर किंवा टॉर्क कन्व्हर्टरवाला (क्लचऐवजी तेलातून ताकद पोचवणारा) ऑटोमॅटिक. सुटे भाग मिळतात आणि कुठलाही मेकॅनिक बिचकत नाही. रोज पाच-सात किलोमीटरच जाणार असशील तर डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) असलेली डिझेल टाळ. त्या फिल्टरमधली काजळी जळायला साधारण ५५० ते ६०० अंश सेल्सिअस तापमान लागतं. तेवढा तो तापायच्या आत तू गाडी बंद करणार, फिल्टर तुंबणार, आणि नव्या फिल्टरचा आकडा ऐकून डोळे पांढरे होतील. सीव्हीटी (ठरावीक गिअर नसलेला ऑटोमॅटिक) असेल तर गिअरबॉक्सचं ऑइल बदलल्याचं बिल दिसल्याशिवाय पुढे जाऊ नकोस.

अपघातानंतर मोठी, जड गाडी हवीशी वाटते. साहजिक आहे. पण त्याच पैशात येणारी मोठी गाडी बरीच जुनी असते, आणि तिच्यात ईएससी (इलेक्ट्रॉनिक स्टॅबिलिटी कंट्रोल) नसण्याची शक्यता जास्त. गाडी घसरू लागली की ही यंत्रणा एकेका चाकाला स्वतंत्र ब्रेक लावून तिला सावरते. अमेरिकेत २०१२ च्या मॉडेलपासून आणि युरोपीय संघात नोव्हेंबर २०१४ पासून नव्या गाड्यांना ती सक्तीची आहे. जिथे सक्ती नाही तिथे कधी कधी एकाच मॉडेलच्या वरच्या व्हेरिएंटमध्ये असते, खालच्यात नसते. इग्निशन चालू केल्यावर घसरणाऱ्या गाडीचं चिन्ह क्षणभर उजळतं का, ते बघ. ईएससी आणि बाजूच्या एअरबॅग असलेली लहान गाडी मी जुन्या धूडापेक्षा पुढे ठेवेन. क्रॅश टेस्टचे तारे वाचताना चाचणीचं वर्षही वाच, कारण निकष वेळोवेळी कडक होतात.

आता ज्यासाठी मुद्दाम लिहायला बसलो ते. टोटल लॉस ठरलेली प्रत्येक गाडी भंगारात जात नाही. कितीतरी गाड्या लिलावात निघतात, ठोकून-ठाकून उभ्या केल्या जातात आणि चकचकीत होऊन पुन्हा विकायला येतात. त्यातलीच एक तुझ्यासमोर उभी राहू शकते. डेंटिंग-पेंटिंग झालेली प्रत्येक गाडी टाकाऊ नसते. बंपर, फेंडर (चाकावरचा पत्रा), दरवाजा बदललेला असेल तर तेवढा भाव पाड. मात्र पुढचे लांब रेल (इंजिनाच्या दोन्ही बाजूंचे सांगाड्याचे दांडे), पिलर (छत पेलणारे खांब), छत किंवा फरशी कापून वेल्ड केलेली असेल तर कितीही स्वस्त असो, सोड. ठरलेल्या जागी, ठरलेल्या रीतीने चुरगळून धक्का पचवणं हे त्या रेलचं काम. एकदा चुरगळून ओढून सरळ केलेला रेल पुढच्या धडकेत तसाच वागेल याचा भरवसा नाही.

गाडी दिवसाउजेडी आणि कोरडी बघ. पाण्याखाली रंगातला फरक झाकला जातो, म्हणून नुकतीच धुतलेली असेल तर सुकेपर्यंत थांब. मागच्या कोपऱ्यात वाकून पत्र्यावरची प्रतिबिंबं न्याहाळ. रेषा जिथे लाटेसारखी हलते तिथे पुट्टीचा संशय धर. बोनेट आणि फेंडरमधली फट दोन्ही बाजूंना सारखी हवी. मग बोनेट उघडून फेंडरचे आणि बिजागऱ्यांचे बोल्ट अगदी जवळून बघ. बऱ्याच गाड्यांत हे बोल्ट बॉडीबरोबरच रंगवलेले असतात. षटकोनाचे कोपरे खरवडलेले असतील, वॉशरभोवतीचा रंग तडकलेला असेल, तर तिथे पाना लागलाय. का लागला, ते विचार आणि उत्तर देताना माणूस अडखळतो का ते बघ. दरवाजाच्या चौकटीचं रबर बोटाने ओढून काढ (पुन्हा दाबलं की बसतं). आत पत्र्याच्या कडेला कारखान्यातल्या स्पॉट वेल्डचे गोल ठसे ठरावीक अंतराने दिसले पाहिजेत. ठसे गायब आणि जागा पुट्टीने गुळगुळीत केलेली असेल तर पिलरला हात लागलेला आहे.

रंगाची जाडी मोजणारं छोटं यंत्र मिळालं तर जरूर ने. कारखान्यातला रंग साधारण ८० ते १६० मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग) भरतो. दुसऱ्यांदा रंगवला की २०० च्या वर जातो, पुट्टी असेल तर ५०० च्या, कधी १,००० च्याही पुढे. एकट्या आकड्यावर जाऊ नकोस, डावी-उजवी जोडी मोज. डावा मागचा दरवाजा ११० आणि उजवा ४२० दाखवत असेल तर उजव्या बाजूचा मागचा पिलर आणि डिकीतली फरशी, स्टेपनी उचलून, पुन्हा तपास. प्लास्टिकच्या बंपरवर हे यंत्र चालत नाही.

एअरबॅगचा दिवा इग्निशनला उजळून काही सेकंदांत विझायला हवा. उजळतच नसेल तर फुटलेल्या एअरबॅगा न बदलता दिवा बंद केलेला असू शकतो. सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढ. झटका दिला की तो अडकलाच पाहिजे. याच बेल्टच्या टोकाला मातीची रेघ किंवा कुबट वास आला तर सीटखालच्या स्प्रिंगा आणि बोल्ट बघ. तिथे गंज असेल तर गाडी पाण्यात बुडालेली असण्याचा दाट संभव. मागे फीर. वायरिंगच्या जोडांत शिरलेलं पाणी महिन्यांनी डोकं वर काढतं.

इंजिन थंड असतानाच बघायचं. मी येईपर्यंत चालू करू नका, असं आधी सांग आणि पोहोचल्यावर बोनेटवर हात ठेव. तापलेलं असेल तर सकाळी पुन्हा ये. थंड इंजिनात टायमिंग चेनचा (व्हॉल्व्हची वेळ राखणाऱ्या साखळीचा) खडखडाट ऐकू येतो, गरम झाल्यावर तो दबतो. निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय. पांढरा, दाट, गोडसर वासाचा धूर थांबतच नसेल तर कूलंट जळतंय आणि हेड गॅस्केट (इंजिनाच्या वरच्या भागाखालचं सील) संशयित. थंडीत सुरुवातीला निघणारी पातळ वाफ मात्र निरुपद्रवी. कूलंटचं झाकण इंजिन थंड असतानाच उघड. आत तेलकट तवंग नको. चेनऐवजी टायमिंग बेल्ट असेल तर बदलल्याचं बिल माग. मुदत इंजिनगणिक वेगळी, किलोमीटर आणि वर्षं यांतलं जे आधी भरेल ते धरायचं. बिल नसेल तर बदललेला नाही असंच समजून खर्च किमतीतून कापून घे. बऱ्याच इंजिनांत बेल्ट तुटला की पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतात आणि निम्मं इंजिन उघडावं लागतं.

स्वस्तातला ओबीडी स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरमधले बिघाडाचे कोड वाचणारं यंत्र) बरोबर ठेव. कोड दिसला नाही म्हणून खूश होऊ नकोस, रेडिनेस मॉनिटर (गाडीने स्वतःच्या तपासण्या पुऱ्या केल्या का ते दाखवणाऱ्या नोंदी) बघ. तीन-चार मॉनिटर अपूर्ण असतील तर बॅटरी काढून किंवा स्कॅनरने कोड नुकतेच पुसले असण्याचा दाट संभव. अशा वेळी काही दिवस चालवल्यानंतर पुन्हा तपासू द्या म्हण.

टेस्ट ड्राइव्ह किमान अर्ध्या तासाची, रेडिओ बंद. मोकळ्या जागेत स्टिअरिंग पूर्ण वळवून हळू फिरव, टकटक आली तर सीव्ही जॉइंट (चाकाकडे ताकद नेणारा सांधा) झिजलेला. वेगाबरोबर वाढणारी घरघर किंचित डावी-उजवीकडे वळल्यावर बदलली तर व्हील बेअरिंग खराब. सपाट सरळ रस्त्यावर गाडी एका बाजूला ओढते का, आणि ती सरळ जाताना स्टिअरिंग वाकडं राहतं का, हे तर हमखास बघ. नुसतं अलाइनमेंटचं असेल तर स्वस्तात सुटतं, पण अपघाती गाडीची ही पहिली खूणही असते. वरच्या गिअरमध्ये कमी वेगात ॲक्सिलरेटर दाबल्यावर इंजिनाचे फेरे वाढतात आणि वेग वाढत नाही, तर क्लच संपलाय.

टायर कधी बनला ते कळायला त्याच्या बाजूवर DOT ने सुरू होणाऱ्या क्रमांकाचे शेवटचे चार आकडे वाच: २३१९ म्हणजे २०१९ चा २३ वा आठवडा. रनिंग कमी सांगत असतील आणि पेडलचं रबर, स्टिअरिंगची कड, ड्रायव्हरची सीट झिजलेली असेल तर मीटरवर विश्वास ठेवू नकोस. सर्व्हिसच्या बिलांवरचे किलोमीटर तारखांप्रमाणे चढत गेलेत का, ते ताडून बघ.

इथवर गाडी टिकली तरच मेकॅनिकचा खर्च कर. तो विकणाऱ्याच्या ओळखीचा नको आणि गाडी लिफ्टवर चढवून बघणारा हवा. तपासणीला नकार आला की विषय संपला. चॅसी नंबर कागदावर, डॅशबोर्डवर आणि बॉडीवर एकच हवा. तो १७ अक्षर-अंकांचा असतो आणि त्यात आय, ओ, क्यू ही अक्षरं नसतात. गाडीवर कर्जाचा बोजा नाही आणि विम्यात ती पूर्वी टोटल लॉस ठरलेली नाही, हे अधिकृत नोंदीतून काढ. तोंडी हमीवर टोकन देऊ नकोस.

घेतल्यावर पहिल्या आठवड्यात इंजिन ऑइल, सगळे फिल्टर, कूलंट आणि ब्रेक ऑइल बदल, मागचा मालक परवाच बदललंय म्हणाला तरी. आणि मोडलेल्या गाडीतून लहान मुलाची सीट काढून आणली असेल तर ती पुन्हा बसवू नकोस. मोठ्या धडकेनंतर वरून धड दिसली तरी ती बदलायची असते.

मेकॅनिकचा कागद हातात आला की त्याचे, चॅसी नंबरच्या तिन्ही जागांचे आणि पुढच्या रेलचे खालून काढलेले फोटो पाठव. टोकन त्यानंतर.

तुझा,
हितचिंतक